मुठीमागचं वजन

विजयादशमीच्या सकाळी म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यातल्या एका चौकात लाल मातीचा छोटा हौदा तयार असतो. चार जेट्टी येतात, दोन जोड्या. डोकी भादरलेली, माथ्यावर शेंडीपुरते केस, लंगोट कसलेला आणि उजव्या मुठीत वज्रमुष्टी. बोटांत अडकवायचं, बाहेरच्या अंगाला दाते असलेलं हे लहानसं हत्यार शिंगाचं किंवा हस्तिदंती असतं. उस्तादांची खूण होते. दोघं भिडतात, डावा हात समोरच्याचा हात अडवायला, उजवा डोक्याच्या रोखानं. कुणाच्या तरी टाळूवर रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज तिथेच थांबते. कधी कधी नीट बघायच्या आत आटोपते. मग राजघराण्याचे वंशज बन्नीच्या पूजेला निघतात. बन्नी म्हणजे आपली शमी.

पहिल्यांदा ही झुंज पाहिली तेव्हा बाकीच्यांसारखाच मीही रक्त कधी दिसतं याकडे डोळे लावून होतो. दुसऱ्या खेपेला पाय पाहिले. जोडीतला एक जण अंगानं भरलेला, दुसरा काटक. त्या काटक माणसाची मागची टाच मातीतून उचलली गेली, मग कंबर वळली, मग खांदा पुढे आला, आणि हात सगळ्यात शेवटी सुटला. समोरच्यानं तो वेळेवर अडवला म्हणून रक्त निघालं नाही, पण अडवणारा भरदार गडी मात्र दोन पावलं मागे सरकला. या पुस्तकाची सुरुवात त्या दोन पावलांपासून झाली.

प्रश्न साधा आहे. हेवीवेट बॉक्सरच्या ठोशात जोर कुठून येतो? मोठं शरीर, मोठा जोर, हे उत्तर कुणीही देईल आणि ते खोटं नाही. पण ते अर्धं आहे. आपल्या भाषेला उरलेलं अर्धं उत्तर फार आधीपासून ठाऊक असावं. आपण म्हणतो, 'त्याचा हात जड आहे.' शाळेत ज्या मास्तरांचा हात जड म्हणून वर्ग चळचळा कापायचा ते मास्तर बहुधा किरकोळ अंगाचे असत, आणि धिप्पाड मास्तरांची चापट मधल्या सुट्टीपर्यंत विसरायला होई. हाताचं जडपण आणि अंगाचं वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक मुलाला पाठीवरून कळलेलं असतं.

बॉक्सिंगच्या इतर गटांत दोघांचं वजन जवळपास सारखंच असतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे झाकलेला राहतो. हेवीवेटमध्ये तो उघडा पडतो, कारण या गटाला खालची हद्द आहे, वरची नाही. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सर्वसाधारणपणे 200 पौंडांच्या, म्हणजे साधारण 90.7 किलोंच्या वर गेलात की तुम्ही हेवीवेट. मग समोरचा 95 किलोंचा असो की 125 किलोंचा. म्हणजे वजन सोडून बाकी काय काय लागतं हे पाहायची सोय या गटाइतकी दुसरीकडे कुठे नाही.

पण आधी म्हैसूर. कारण ठोसा म्हणजे काय याचा विचार आपल्या मातीत फार जुना आहे, आणि त्याचा एक जिवंत धागा या चौकात अजून दिसतो.

जेट्टी हा शब्द 'ज्येष्ठी'वरून आला असं मानतात. जुन्या मराठीतही मल्लाला जेठी म्हणत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोद आहे आणि मल्लांच्या प्रती लावलेल्या आहेत: ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल. मराठी वाचकाला हा ग्रंथ वेगळ्या कारणानं माहीत असतो, त्यात जुन्या मराठी पदांच्या ओळी आहेत म्हणून. ज्या दरबारात आपली भाषा गाण्यातून ऐकू येत होती त्याच दरबारात मल्लांच्या खुराकाचा आणि सरावाचा हिशेब ठेवला जात होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पुढे विजयनगरात 1520 च्या सुमारास आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश यानं महानवमीच्या उत्सवातले मल्ल पाहिले. त्यांच्या ठोशांनी दात पडत, डोळे जात, चेहरे विद्रूप होत, असं तो सांगतो. त्यानंतर काही वर्षांनी फर्नांव नुनिश आला. त्यानं हातात टोकदार कडी धरून एकमेकांना मारणारे लढवय्ये पाहिले, आणि जो जास्त जखमी होई त्याला रेशमी वस्त्र मिळे अशी नोंद केली. विजयनगर पडलं, पण नवरात्राचा तो थाट वोडेयरांनी उचलला. राजा वोडेयर यांनी 1610 मध्ये श्रीरंगपट्टणला दसरा सुरू केला, तो पुढे म्हैसूरला आला आणि त्याबरोबर वज्रमुष्टी काळगही. काळग म्हणजे कन्नडमध्ये लढाई.

दुसरा धागा आपल्या मराठी संस्थानात जातो. बडोद्याच्या गायकवाडांच्या पदरी जेठीमल्ल होते. खंडेराव महाराजांच्या काळात, 1860 च्या दशकात, तिथे गेलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं शिंगाच्या नखांनी खेळली जाणारी झुंज पाहून लिहिली. ती म्हैसूरसारखी पहिल्या थेंबाला थांबणारी नव्हती. भांग आणि अफूच्या अमलाखाली माणसं एकमेकांना सोलून काढत आणि महाराज सिंहासनावरून खूश होत. जुनं ते सगळं सोनं असं मी मानत नाही, म्हणून ही बाजूही इथेच सांगून टाकतो. त्याच बडोद्याहून पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत दहा खंडांत निघाला. एका भाषेत शरीरबळावर एवढं थोर काम झालेलं आहे आणि ते ग्रंथालयांच्या वरच्या फळीवर पडून आहे, याची मला खंत वाटते.

आता वज्रमुष्टीचं हत्यार हातात घेऊन बघा, निदान मनात. ते ठोशाला जोर देत नाही. ते जोर एकवटतं. आपण पायात घुसलेला काटा आठवावा. काट्यामागे जोर आपल्याच पावलाचा असतो, फक्त तो सुईएवढ्या जागेत उतरतो. वज्रमुष्टीच्या दात्यांचं तेच आहे. टाळूची कातडी फाटायला जड हात लागत नाही, अचूक हात लागतो. म्हणून ती झुंज बघताना मला ताकदीपेक्षा नेम आणि वेळ दिसते. बॉक्सिंगचा ग्लोव्ह याच्या बरोबर उलट. तो जोर पसरवतो. मूठ उशीत गुंडाळलेली, तरी समोरचा माणूस कोसळतो, ते कातडी फाटून नव्हे. डोकं झटक्यानं फिरतं आणि कवटीच्या आत मेंदू मागे राहतो. तिथे नुसता नेम पुरत नाही. तिथे मुठीमागून काहीतरी भरीव यावं लागतं.

ते भरीव काय, हे प्रयोगशाळेनं मोजायचा प्रयत्न केला आहे. 1985 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी त्या वेळचा नावाजलेला हेवीवेट फ्रँक ब्रूनो याला एका टांगलेल्या, जोर मोजणाऱ्या लक्ष्यावर ठोसा मारायला लावलं. मूठ अर्धा मीटरही गेली नाही. तेवढं अंतर तिनं सेकंदाच्या दहाव्या भागात कापलं, आणि लागली तेव्हा तिचा वेग सेकंदाला 8.9 मीटर होता. जोर चढला तो 4096 न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे 418 किलोंच्या भाराइतका. संशोधकांनी उपमा दिली ती सहा किलोंच्या, वर गादी बांधलेल्या लाकडी हातोड्याची, ताशी बत्तीस किलोमीटर वेगानं आलेल्या. ब्रूनो शंभर किलोंच्या आसपासचा गडी. मग हातोडा सहा किलोंचाच का?

इथेच सगळं गुपित आहे. अंगाचं वजन शंभर किलो असलं तरी ते सगळं मुठीबरोबर जात नाही. दुसऱ्या एका अभ्यासात, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या वजनगटांतल्या सात ऑलिंपिक बॉक्सरचे ठोसे मोजले. मुठीचा वेग सरासरी सेकंदाला नऊ मीटरच्या किंचित वर, आणि ठोशामागे प्रत्यक्ष आलेलं वजन सरासरी 2.9 किलो. वाण्याच्या दुकानातली तीन किलोंची मापं डोळ्यांपुढे आणा. एवढ्या अवाढव्य देहातून समोरच्याच्या जबड्यापर्यंत पोचतं ते एवढंच. बाकीचं वजन वाटेतच गळतं, ढिल्या मनगटातून, दुमडलेल्या कोपरातून, मागे राहिलेल्या कमरेतून. चांगला ठोसेबाज म्हणजे ज्याची गळती कमी.

याच अभ्यासात जड बॉक्सरचा जोर जास्त निघाला, हेही खरं. देह मोठा तर पोचणारं वजनही सहसा मोठं. पण 2000 साली इंग्लंडमध्ये झालेल्या मोजमापात नवशिक्या, मध्यम आणि अव्वल हौशी बॉक्सरचे मागच्या हाताचे ठोसे तोलले, तेव्हा नवशिक्यांचा जोर सरासरी 2381 न्यूटन, मधल्यांचा 3722 आणि अव्वलांचा 4800 भरला. दुपटीनं फरक. देह तर काही दुप्पट नव्हते. अर्थात ज्यांचा ठोसा मुळातच जड तेच वरच्या पायरीपर्यंत टिकले, असंही यात थोडं असणार. तरी मला हा आकडा आशेचा वाटतो. शिकून हात जड होतो.

शिकतात ते काय? सोव्हिएत रशियातल्या फिलिमोनोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये शंभराहून अधिक बॉक्सरचे ठोसे तपासून हात, धड आणि पाय यांचा वाटा वेगळा काढला. अव्वल दर्जाच्या खेळाडूंत पायांचा वाटा 38 टक्क्यांच्या वर, धडाचा 37 टक्क्यांच्या वर आणि हाताचा सगळ्यात कमी, जेमतेम 24 टक्के. खालच्या दर्जाच्या खेळाडूंत पायांचा वाटा साडेसोळा टक्क्यांवर येतो आणि हाताचा 38 टक्क्यांना जाऊन भिडतो. म्हणजे नवशिका हातानं मारतो आणि जाणता पायानं. राजवाड्याच्या चौकात त्या जेट्टीची टाच मी आधी पाहिली, त्याचा अर्थ मला हे आकडे वाचताना लागला.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी करता येते. उंच स्टुलावर बसा, पाय जमिनीपासून सुटलेले राहू द्या, आणि कुणीतरी धरलेल्या उशीवर ठोसा मारा. मग उतरून, मागच्या पायाची टाच उचलत, कंबर फिरवत तोच ठोसा मारा. उशी धरणारा फरक सांगेल. आपल्या तालमींना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. बैठका पायांसाठी, मुद्गल कमरेच्या आणि खांद्याच्या फिरकीसाठी, आणि जोर त्या दोहोंना बांधून ठेवणाऱ्या पोटापाठीसाठी. कोल्हापूरचा वस्ताद पोराची मान बघण्याआधी मांडी बघतो ते उगाच नाही.

पण नुसते पाय लावूनही भागत नाही, आणि हे मला सगळ्यात उशिरा उमगलं. उमगलं ते बॉक्सिंगमुळे नाही, एका घिसाडी बाईमुळे.

आमच्या गावाबाहेर उन्हाळ्यात घिसाड्यांचा तळ पडे. भाता, ऐरण, लाल तापलेला लोखंडाचा तुकडा, सांडशीत धरून बसलेला नवरा, आणि समोर उभी राहून घण मारणारी बायको. ती बाई उंचीनं पाच फुटांची असेल नसेल, हाताची हाडं मोजून घ्यावी अशी. घण मात्र तिच्या डोक्याएवढा. मी तासन्‌तास पाहत बसायचो. ती घण वर नेई तेव्हा तिचे हात जवळजवळ ढिले असत, घण आपल्याच तालात वर जाई. वरून खाली येताना ती गुडघ्यात किंचित वाकून स्वतःला त्याच्याबरोबर सोडून देई. आणि ऐरणीला लागायच्या अगदी अलीकडे तिची सगळी पकड एका क्षणात आवळली जाई, ओठ मिटत, नाकातून 'हूं' असा आवाज निघे. लागला की पुन्हा सगळं ढिलं. शेजारच्या गावातला पैलवान गडी एकदा हौसेनं घण मारायला उभा राहिला. त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत घण मुठीत आवळून धरला. दहा-बारा घावांत त्याला दम लागला आणि लोखंडाचा फाळ काही वाकेना. बाई पदर तोंडाला लावून हसली आणि तिनं घण परत घेतला.

कॅनडातले संशोधक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अव्वल लढवय्यांच्या स्नायूंतली विजेची हालचाल नोंदवली तेव्हा त्यांना नेमकं हेच दिसलं. स्नायू दोनदा पेटतात. एकदा सुरुवातीला, ठोसा सोडताना. मग मध्ये ढिले पडतात, कारण ताणलेला स्नायू हाताला ब्रेक लावतो, वेग येऊ देत नाही. आणि पुन्हा एकदा मूठ लागण्याच्या क्षणी, तेव्हा सगळं धड, खांदा, हात एका लोखंडी पहारीसारखं ताठ होतं आणि त्या क्षणापुरतं देहाचं वजन मुठीच्या मागे उभं राहतं. दोन पेटींच्या मधला तो ढिलेपणा जितका खरा आणि दुसरी पेट जितकी वेळेवर, तितका हात जड. रिंगच्या कडेला उभे असलेले ट्रेनर 'खांदा सोड, खांदा सोड' म्हणून का ओरडतात ते आता मला कळतं. तरुणपणी मी ते ऐकून आणखीच ताठ व्हायचो.

बॉब फिट्झसिमन्स तर पेशानंच लोहार होता. न्यूझीलंडमध्ये वाढला, घण मारून खांदे कमावले, पाय काटकुळे. 17 मार्च 1897 ला अमेरिकेतल्या कार्सन सिटीत त्यानं जेम्स कॉर्बेटला पोटाच्या वरच्या भागात, छातीच्या पिंजऱ्याखाली वर्मी ठोसा मारून हेवीवेटचं जगज्जेतेपद घेतलं. त्याचं वजन होतं सुमारे 167 पौंड, पाऊणशे किलो.  

मग जॅक डेम्प्सी. 4 जुलै 1919, टोलेडो. त्याचं वजन 187 पौंड, समोर 245 पौंडांचा आणि साडेसहा फुटांहून उंच जेस विलर्ड. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली गेला, चौथ्या फेरीला उठून आलाच नाही. डेम्प्सीनं 1950 मध्ये ठोसा कसा मारावा यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याचा सारा भर पुढच्या पायावर पडण्याच्या पावलावर आहे. उभ्या माणसाचं वजन खाली जातं. पडणाऱ्या माणसाचं वजन पुढे येतं, आणि ते पुढे येत असतानाच मूठ लागली पाहिजे. घिसाडी बाई गुडघ्यात वाकून स्वतःला सोडून द्यायची ते हेच.

रॉकी मार्सियानोचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्याच्याकडे दिसण्यासारखं काहीच नव्हतं. उंची पावणेसहा फुटांच्या थोडी वर, हात आखूड, वजन 185 पौंडांच्या आत-बाहेर. 49 लढती, 49 विजय, त्यांतले 43 नॉकआउटनं. 23 सप्टेंबर 1952 ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध बारा फेऱ्या तो गुणांत मागे होता. तेराव्या फेरीत दोघांनी उजवा हात एकदमच सोडला. मार्सियानोचा आधी लागला. जेमतेम वीतभर गेलेला ठोसा, पण वॉलकॉट दोरावर लोंबत खाली बसला. त्या ठोशाचं चित्रण पाहिलं की दिसतं, वॉलकॉटही पुढे येत होता. दोन वजनं समोरासमोर आली. ठोशाचा जोर एकट्या मारणाऱ्याचा नसतो, मार खाणारा कुठल्या दिशेनं चालला आहे हेही त्यात मिसळतं. आणि त्याला ठोसा दिसला की नाही, हेही. दिसलेल्या ठोशाला मान ताठ होते, डोकं धडाशी जखडलं जातं. न दिसलेल्या ठोशाला मान ढिली असते आणि डोकं गर्रकन फिरतं. अनेक मोठे ठोसेबाज नुसते जोराचे नव्हते, ते समोरच्याचं लक्ष दुसरीकडे नेण्यात वाकबगार होते.

माझ्या मांडणीला अडचणीत आणणारा एक माणूस आहे, त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. डिऑन्टे वाइल्डर. उंची सहा फूट सात इंच, पाय काठ्यांसारखे, वजन हेवीवेटच्या हिशेबानं कमीच. 1 डिसेंबर 2018 ला टायसन फ्युरीविरुद्ध तो दोनशे साडेबारा पौंडांचा होता आणि फ्युरी दोनशे साडेछप्पन. तरी त्यानं फ्युरीला दोनदा आडवं केलं. वाइल्डर विसाव्या वर्षापर्यंत बॉक्सिंगकडे वळलाही नव्हता, आणि त्याची पावलं आजही शाळेत शिकवल्यासारखी पडत नाहीत. अशा माणसाकडे पाहून जुने ट्रेनर म्हणतात, ठोसेबाज जन्माला यावा लागतो. यात तथ्य आहे. स्नायूंमधल्या झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंचं प्रमाण बरंचसं आईबापांकडून येतं, हाडांची लांबी येते, स्नायू हाडाला नेमका कुठे जोडलेला आहे तेही येतं. वाइल्डरचा हात लांब चाबकासारखा वेग घेतो. पण त्याचा उजवा हात सुटताना सावकाश बघितला तर टाच तिथेही आधी उचललेली दिसते. पाय जाड असावे लागत नाहीत. जमिनीला ढकलायला यावं लागतं.

आणि मूठ? बिचारी मूठ या सगळ्या गोष्टीत फार लहान आहे. हाताच्या पंजात सत्तावीस हाडं, त्यांतली करंगळीमागची लांब हाडं इतकी नाजूक की अनाड्यानं भिंतीवर ठोसा मारला की तीच मोडतात. तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं पुढे, मनगट आणि कोपर एका रेषेत, तर मागून आलेलं वजन सरळ पुढे जातं. मनगट जरा दुमडलं की सगळी मेहनत तिथेच सांडते. हाताला पट्ट्या गुंडाळायच्या, ग्लोव्ह चढवायचे, ते मुख्यतः या हाडांसाठी. 1867 च्या क्वीन्सबरी नियमांनी ग्लोव्ह आणले. हाडं वाचली, पण त्यामुळे डोक्यावर न भिता, पुन्हा पुन्हा मारता येऊ लागलं. 1928 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेल्या बॉक्सरचे लटपटते पाय, जड जीभ आणि विसरणारं मन यांवर निबंध लिहिला. त्यानंतर हा खेळ निर्धास्तपणे बघता येणं कुणालाच शक्य नाही, मला तरी नाही. जोराचं गणित मांडताना तो जोर कुणाच्या तरी मेंदूत उतरतो, हे या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात माझ्यासमोर होतं. म्हैसूरची झुंज पहिल्या थेंबाला का थांबते, याचाही विचार मी तेव्हापासून वेगळ्या मनानं करू लागलो.

आपल्याकडे हेवीवेट बॉक्सिंगचं नाव काढलं की हरियाणा-पंजाबचं नाव निघतं. लष्करातले हवा सिंग यांनी 1966 आणि 1970, दोन्ही आशियाई स्पर्धांत या गटाचं सुवर्ण मिळवलं. कौर सिंग 1982 मध्ये दिल्लीला जिंकले. महाराष्ट्रातली दणकट पोरं मात्र मातीकडे गेली, आणि त्याबद्दल मला काही तक्रार नाही. उलट, जो कुस्तीत पाय रोवायला शिकला त्याला ठोशाचं निम्मं शिक्षण मिळालेलं असतं असं मला वाटतं. पुढची प्रकरणं मी अशा तालमीच्या पोरांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. पायांपासून सुरुवात आहे, मग कंबर, खांदा, मनगट, आणि मूठ अगदी शेवटी. ज्याला घाई असेल त्यानं निदान पायाचं प्रकरण वगळू नये.

म्हैसूरच्या त्या मुक्कामात एका संध्याकाळी मी एका गरडीत गेलो. गरडी म्हणजे आपली तालीम. हळद, कुंकू, तेल मुरलेल्या तांबड्या मातीचा वास, कोपऱ्यात हनुमानाची तसबीर, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या. उस्ताद सत्तरीचे, घरी मराठी बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिल्यानं मराठीला कन्नडची चाल लागलेली. हल्लीची पोरं बॉक्सिंग मागतात म्हणून त्यांनी तुळईला एक वाळूचं पोतं टांगलं होतं. मी काय लिहितोय ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मारून दाखवा की."

मी पोत्यासमोर उभा राहिलो. जमेल तेवढी मूठ आवळली, दात आवळले आणि ठोसा हाणला. पोतं हललं न हललं. माझ्याच खांद्यात कळ आली.

"बूट काढा आधी," उस्ताद म्हणाले. "मोजेपण."

काढले. त्यांनी माझ्या मागच्या पावलाच्या बोटांवर आपली काठी टेकवली. "इथनं मारा. हात आपला येईल मागनं."

माती गार होती, बोटांच्या मधे शिरत होती. मी खांदे सोडले, टाच उचलली.

पोतं आढ्याच्या साखळीला करकरत मागे गेलं आणि परत येताना उस्तादांनी ते तळहातानं थांबवलं.

"अजून एकदा," ते म्हणाले. "आता श्वास सोडून."